हॉस्पिटल चालू, तोडफोडही चालू: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी हॉस्पिटलातल्या बांधकामाच्या धुळीवर चार ओळी लिहिल्या आणि त्यावर एवढे मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी २६ वर्षं नर्सिंगमधे होते, शेवटची ११ वर्षं इन्फेक्शन कंट्रोल नर्स. इंजिनियर नाही मी, पण ठेकेदार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि वॉर्ड यांच्या मधे उभं राहायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे पेशंट आत असताना भिंत तुटते तेव्हा काय काय होतं ते जवळून बघितलंय. प्रश्न विचारणाऱ्यांची नावं देत नाहीये, गावं तेवढी देतेय.

आमचं ३० बेडचं हॉस्पिटल आहे. पहिल्या मजल्यावर ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि शेजारीच पोस्ट-ऑपरेटिव्ह वॉर्ड. ओटीबाहेरचा कॉरिडॉर आणि स्क्रबची, म्हणजे ऑपरेशनआधी हात धुण्याची, जागा नवीन करायचीय, लाद्या काढायच्या, सीलिंग बदलायचं. हॉस्पिटल बंद ठेवणं परवडत नाही. ठेकेदार म्हणतो ताडपत्री लावू आणि रात्री काम करू. चालेल का? (एक सर्जन, सांगली जिल्हा)

डॉक्टर, ताडपत्रीने नाही चालणार, आणि रात्री केल्याने धूळ कमी होत नाही, फक्त बघणारं कुणी नसतं.

ठेकेदाराला धूळ म्हणजे घाण वाटते, झाडली की संपली. पण जुन्या भिंतीत, फॉल्स सीलिंगच्या वर साचलेल्या थरात, एसीच्या डक्टमधे अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू वर्षानुवर्षं पडून असतात. एक बीजाणू साधारण २ ते ३ मायक्रॉनचा, डोळ्याला दिसत नाही आणि हवेत तासन्‌तास तरंगत राहतो. तुमच्या-माझ्या छातीत गेला तर शरीर त्याला निपटून टाकतं, पण ज्याच्या पांढऱ्या पेशी पडल्यात, ज्याचं ट्रान्सप्लांट झालंय, जो बरेच दिवस स्टेरॉइडवर आहे अशा माणसाच्या फुफ्फुसात तो रुजतो आणि मग जिवावर बेततं. २०२१ मधे म्युकर आपल्याकडे घराघरात माहीत झाला, हा त्याच जातकुळीतला, बुरशी वेगळी पण गाठते अशाच माणसांना.

त्यामुळे पहिलं काम ताडपत्रीच्या जागी पक्का आडोसा. जिप्सम बोर्ड किंवा प्लायवूड, आणि तो जमिनीपासून थेट स्लॅबपर्यंत. सगळे इथेच चुकतात, फॉल्स सीलिंगपर्यंत प्लाय मारतात आणि खालून छान बंद दिसतं, पण सीलिंगच्या वरची पोकळी तर कॉरिडॉरभर एकच असते ना, मग तिथून धूळ निवांत वॉर्डात उतरते. सांधे टेपने बंद करा. कामाच्या बाजूची एसीची सप्लाय आणि रिटर्न दोन्ही जाळ्या सील करा, रिटर्न विशेषतः, नाहीतर मशीनच ती धूळ ओढून सगळीकडे वाटेल.

दुसरं, आत हवा ओढून बाहेर टाकणारं मशीन. हेपा फिल्टर लावलेलं भाड्याने मिळतं, ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतं. मोठ्या शहरातून आणावं लागेल, आणा. कामाच्या जागेतला दाब कॉरिडॉरपेक्षा निदान २.५ पास्कलने कमी पाहिजे म्हणजे हवा नेहमी वॉर्डाकडून कामाकडे जाईल, उलटी नाही. मीटर नसेल तर दाराच्या फटीपाशी टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी चिकटवा. पट्टी आत, कामाच्या बाजूला ओढली गेलेली दिसली पाहिजे. सरळ लटकत असेल किंवा कॉरिडॉरकडे फडफडत असेल तर काम बंद करून आधी मशीन बघायचं. (काही जण अगरबत्तीच्या धुराने बघतात, पण ऑक्सिजन चालू असलेल्या जागेच्या आसपास ती पेटवू नका, पट्टी पुरे.) आणि या मशीनचं तोंड बाहेर काढताना खाली-वर कुणाची खिडकी आहे का, ओटीच्या एएचयूची (ओटीला हवा पुरवणाऱ्या एसीच्या मोठ्या मशीनची) ताजी हवा कुठून येते ते बघून काढा.

तिसरं म्हणजे माणसं आणि राडारोडा यांचा रस्ता. एका ठिकाणची गोष्ट सांगते, आडोसा उत्तम होता, मशीन चालू होतं, मी खूश होते. सकाळी साडेसातला राउंडला निघाले तर लिफ्टच्या दारात चपलांचे पांढरे ठसे. त्यांच्या मागे मागे गेले तर ते लिफ्टमधून दुसऱ्या मजल्यावर, आयसीयूच्या दारावरून पाण्याच्या कूलरपर्यंत आणि परत. आतल्या पोरांना तहान लागत होती आणि त्यांच्या बाजूला प्यायचं पाणीच ठेवलं नव्हतं कुणी! त्यात त्यांची काय चूक. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्यासाठी आत पिंप, बाहेरच्या जिन्याने वेगळा रस्ता आणि जवळचं एक टॉयलेट ठरवून दिलं, दारात चिकट मॅट टाकली, ठसे बंद झाले. राडारोडा ओला करून, झाकलेल्या ट्रॉलीतून, पेशंटच्या लिफ्टने कधीच नाही. आणि तो बायोमेडिकलच्या कचऱ्यात किंवा घंटागाडीत नाही टाकायचा, बांधकामाच्या कचऱ्याचे नियम वेगळे आहेत, नगरपालिकेला विचारा कुठे टाकायचा ते.

आता मनातलं सांगते डॉक्टर. स्क्रबची जागा आणि कॉरिडॉर म्हणजे ओटीचा उंबरठा. तुमच्या जागी मी असते तर ठरलेल्या केसेस पुढे ढकलून, इमर्जन्सीसाठी जवळच्या हॉस्पिटलशी आधी बोलून, १०-१२ दिवस ओटी पूर्ण बंद ठेवली असती. अर्धी चालू ठेवून जेवढे पैसे वाचतील तेवढे दोन जखमा चिघळल्या की गेले, आणि पेशंटचं जे जातं ते वेगळंच.

काम संपल्यावर नुसतं फॉगिंग (जंतुनाशकाची बारीक फवारणी) करून उघडू नका. फॉगिंगने धूळ जात नाही, धुळीखालचे जंतू पण नीट मरत नाहीत. आधी वरून खाली ओल्या कापडाने पुसणं, दोन-तीन वेळा, दिव्यांच्या वरची बाजू, दारांच्या चौकटीची वरची कड, सगळं. मग एसीवाल्याकडून हेपाची गळती तपासून घ्या, हवा तासाला किती वेळा बदलते ते मोजून घ्या. एनएबीएचप्रमाणे (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) ओटीत निदान २० वेळा बदलली पाहिजे, त्यातली ४ वेळची बाहेरची ताजी, आणि ओटीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त. तिथे हवा आतून बाहेर, बांधकामात बाहेरून आत, हे ठेकेदाराला चित्र काढून समजवा कारण त्याचा गोंधळ हमखास होतो.

बाबांची केमो चालू आहे, ॲडमिट आहेत आणि शेजारच्या वॉर्डात ड्रिलिंग चाललंय. बेडच्या कठड्यावर रोज पांढरी पूड दिसते. विचारलं तर म्हणतात काळजी करू नका. आम्ही नक्की काय विचारायचं? (एक वाचक ताई, नाशिक)

ताई, पूड दिसतेय म्हणजे आडोसा गळतोय, एवढं त्यावरून नक्की कळतं. भांडू नका, इन्चार्ज सिस्टरना ती पूड बोटाने दाखवा आणि म्हणा की इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना बोलवा. नंतर डॉक्टरांना सरळ विचारा, बाबांच्या पांढऱ्या पेशी आज किती आहेत आणि कामापासून लांबची खोली मिळेल का. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पेशी सगळ्यात खाली जातात, म्हणून तेवढे दिवस तरी खोली बदलून मागाच, हा हट्ट नाही, रास्त मागणी आहे.

खोलीचं दार-खिडकी बंद ठेवा. सीटीला वगैरे नेताना कामाजवळून रस्ता असेल तर दुसरा मागा, नसेलच तर डॉक्टरांना विचारून एन-९५ लावा, साधा निळा मास्क अशा बारीक कणांना अडवत नाही. ताप १०० च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका, लगेच सांगा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

मी ठेकेदार आहे. एका चालू हॉस्पिटलात नवीन वॉर्डाची ऑक्सिजन लाइन जुन्या लाइनला जोडायचीय. मॅनेजमेंट म्हणतं अर्ध्या तासाचा शटडाउन देतो, उरकून टाका. पाइपचं काम माझ्या पोरांना येतं. अजून काय बघायचं? (छत्रपती संभाजीनगर)

दादा, तुम्ही विचारलंत याचंच मला बरं वाटलं, कारण बहुतेक जण विचारत नाहीत. अर्ध्या तासात उरकायचं काम नाही हे.

आधी दोन घटना सांगते, दोन्ही २०१६ च्या. इंदूरचं महाराजा यशवंतराव हॉस्पिटल, आपल्या होळकरांच्या नावाचं. तिथे नव्या ऑपरेशन थिएटरमधे ऑक्सिजनच्या लाइनमधून नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भूल देताना वापरतात तो गॅस, येत होता आणि मे महिन्यात दोन लहान मुलं गेली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकम हॉस्पिटलात तंतोतंत हीच चूक, आदल्या वर्षी बसवलेल्या लाइनमधे अदलाबदल झालेली, तिथे एक नवजात बाळ गेलं आणि दुसऱ्याला कायमची इजा झाली. पैसा, यंत्रं, शिकलेली माणसं सगळं असलेल्या देशात झालं हे. पाइप जोडणाऱ्याला पाइप जोडता येत नव्हता असं नाही, जोडल्यावर प्रत्येक आउटलेटमधून खरंच काय येतंय ते बघितलं गेलं नाही.

आणि वॉर्डात उभ्या असलेल्या सिस्टरला हे कळत का नाही ते सांगते. गॅस चुकीचा असला तरी गेज चार किलोचा दाब दाखवतो. फ्लोमीटरची गोळी तशीच वर चढते. बाटलीत बुडबुडे येतात. पेशंटचं सॅच्युरेशन घसरायला लागतं तेव्हा माझ्यासारखी कुणीही बाई काय करेल, ऑक्सिजन वाढवेल. म्हणजे जो गॅस मारतोय तोच जास्त देईल. हे आठवलं तरी माझ्या पोटात कालवतं.

म्हणून दादा, पहिलं, जुनी ड्रॉइंग खरी धरू नका. कुठला व्हॉल्व्ह बंद केला की नेमके कुठले बेड बंद होतात हे आधी प्रत्यक्ष बघा, आणि ते बघताना त्या बाजूच्या प्रत्येक ऑक्सिजनवाल्या पेशंटजवळ भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर लावून, आणि एक माणूस उभा पाहिजे. मी एकदा असा व्हॉल्व्ह बंद करताना बघितलाय ज्याच्यावर पाटी मेल मेडिकल वॉर्डाची होती आणि बंद पडलं बाळंतिणींच्या वॉर्डातलं. माणसं उभी होती म्हणून निभावलं. पुरवठा थांबल्यावर किती कमी वेळ हातात असतो ते एप्रिल २०२१ मधे नाशिकला आपण बघितलंय, झाकीर हुसेन हॉस्पिटलात टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त पेशंट गेले.

दुसरं, तांब्याचा पाइप ब्रेझिंग करताना, म्हणजे तापवून सांधताना, आतून नायट्रोजन सोडत राहायचं, नाहीतर आत काळी पापडी धरते आणि ती पुढे सुटून व्हेंटिलेटरमधे जाते. तुमच्या पोरांना हे माहीत असेल. पण हेही लक्षात ठेवा की आता पाइपमधे नायट्रोजन भरलाय, आणि तोही दाब दाखवतो! तो शेवटच्या आउटलेटपर्यंत पूर्ण बाहेर काढल्याशिवाय पेशंट लावायचा नाही.

तिसरं म्हणजे अदलाबदलीची तपासणी. सगळ्या गॅसचा दाब शून्यावर आणायचा, मग एकच गॅस चालू करायचा आणि सगळी आउटलेट उघडून बघायची, फक्त त्याच गॅसच्या आउटलेटमधून यायला हवं, बाकी सगळी मेलेली. मग तो बंद, दुसरा चालू. एअर, व्हॅक्युम, नायट्रस, सगळ्यांसाठी हे करायचं. त्यानंतर ऑक्सिजन अ‍ॅनालायझर घेऊन बेड नंबर एकपासून प्रत्येक आउटलेट, एकही न सोडता. टाकीतला द्रव ऑक्सिजन असेल तर ९९ च्या वर आकडा येईल, कोविडमधे बसवलेला पीएसए प्लांट (हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करणारा) असेल तर ९३ च्या आसपास, ९० ते ९६. २१ आला तर ती नुसती हवा. त्याहून कमी आला तर दुसरा गॅस आहे, तिथेच थांबा, कुणालाही हात लावू देऊ नका.

आकडे बेड नंबरसकट कागदावर लिहा आणि त्याच्यावर तुमच्याबरोबर भूलतज्ज्ञांची सही घ्या. अ‍ॅनालायझर त्यांनी स्वतःच्या हातात धरून तपासलेलं असलं तर अजून बरं. मॅनेजमेंटला सांगा अख्खा दिवस लागेल, आणि तो दिवस मिळत नसेल तर काम घेऊ नका. हे मी मनापासून सांगतेय.

एक्स-रे रूम तळमजल्यावरच समोरच्या खोलीत हलवायची आहे, मशीन तेच. परवानगी परत लागते का? (कोल्हापूर)

लागते. मशीन तेच असलं तरी जागा बदलली की एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, ई-लोरा या त्यांच्या वेबसाइटवरून नवीन लेआउटसकट सगळं परत. विटेची २३ सेंटीमीटरची भिंत आणि दाराला शिशाचा पत्रा हे ठेकेदारांना पाठ असतं, पण नंतर एसीवाला येऊन पाइपसाठी भिंतीत भोक पाडतो किंवा इलेक्ट्रिशियन बोर्डासाठी भिंत अर्धी पोखरतो ते कुणी बघत नाही. भिंतीपलीकडे वेटिंगची बाकं आहेत का ते बघा, असतील तर ती हलवा.

नूतनीकरणात एक मजला ४ महिने बंद होता, आता उघडतोय. प्लंबर म्हणतो टाकीत जास्त क्लोरीन टाकून लाइन धुतो. त्याच टाकीवर आमचं डायलिसिस युनिट चालतं. काही अडचण? (एक टेक्निशियन, सोलापूर)

मोठी अडचण आहे, आजच थांबवा त्यांना.

प्लंबरचा हेतू बरोबर आहे. चार महिने पाणी पाइपमधे साचून राहिलं की त्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो, २० ते ४५ डिग्रीचं कोमट पाणी त्याला मानवतं आणि सोलापूरच्या गच्चीवरच्या टाकीत वर्षभर तेवढं तापमान असतंच. शॉवरच्या तुषारातून तो छातीत जातो. त्यामुळे लाइन धुणं, प्रत्येक नळ आणि शॉवर बराच वेळ सोडून ठेवणं, जुनी जाळी काढून टाकणं, आणि नूतनीकरणात कापून सोडलेला पाइपचा बंद तुकडा असेल तर तो टी-जोडापासून काढणं, हे सगळं करायलाच हवं.

पण डायलिसिसच्या एका पेशंटच्या रक्तासमोरून चार तासांत साधारण १२० लिटर पाणी जातं, मिनिटाला अर्धा लिटर धरा. क्लोरीन, क्लोरामाइन त्यातून रक्तात गेलं तर लाल पेशी फुटतात. ते अडवतो तुमचा कार्बन फिल्टर, आणि नेहमीच्या क्लोरीनपुरता असलेला फिल्टर एकदम एवढा मारा झेलेल याची खात्री नाही. म्हणून डायलिसिसची लाइन टाकीपासून तोडा, किंवा त्या दिवशी एकही शिफ्ट लावू नका, टाकी पूर्ण धुऊन पुन्हा भरा, आणि पहिला पेशंट लावायच्या आधी कार्बन फिल्टरनंतरच्या पाण्यात एकूण क्लोरीन तपासा. ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली हवं. टाकीत काही टाकायच्या आधी तुम्हाला फोन आलाच पाहिजे हे लेखी मागून घ्या.

मी एसएनसीयूमधे, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागात, सिस्टर आहे. वरच्या मजल्यावर ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) चालतो, बाळं दचकतात, सॅच्युरेशन पडतं. शिवाय धुरामुळे अलार्म वाजतो म्हणून कामगारांनी स्मोक डिटेक्टरला प्लॅस्टिक बांधलंय. मी बोलले तर म्हणाले वरून ऑर्डर आहे. मला काम थांबवायचा अधिकार आहे का? (विदर्भातून)

सिस्टर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

डिटेक्टरचं आधी. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात एसएनसीयूला आग लागली, रात्रीची वेळ, १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात आयसीयूत ११ पेशंट. या आगी ब्रेकर किंवा वेल्डिंगने लागल्या असं मी म्हणत नाहीये. पण स्वतःहून उठून पळू न शकणारी माणसं जिथे असतात तिथे धूर कळायला पाच मिनिटं उशीर म्हणजे काय ते या दोन तारखांनी महाराष्ट्राला दाखवलंय, आणि बांधकामात वेल्डिंग, ग्राइंडर, थिनर, प्लाय, तात्पुरत्या वायरी सगळं एकत्र येतं. डिटेक्टर झाकायचाच असेल तर कुठला, किती वाजता, कुणी झाकला हे लिहून, तेवढा वेळ तिथे आग विझवायचा बाटला घेऊन एक माणूस उभा, आणि शिफ्ट संपताना झाकण काढून सही. एकदा आम्ही काम संपल्यावर मोजले तर सहा डिटेक्टरवर अजून प्लॅस्टिक होतं, एकाला तर हातमोजा घातलेला आणि त्याला वरून रबर, तीन आठवडे तसाच. वेल्डिंग संपल्यावर निदान अर्धा तास, मी तर एक तास म्हणेन, कुणीतरी तिथे थांबून बघायचं, ठिणगी आत दबून नंतर पेटते. महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्यात जानेवारी आणि जुलैमधे फॉर्म बी द्यायचा असतो की यंत्रणा चालू आहे, झाकलेल्या डिटेक्टरवर तो कसा देणार हे प्रशासनाला विचारा. आणि बाहेर पडायचा जिना कामासाठी अडवलाय का ते आज बघा, बाळाचा वॉर्मर आणि सिलिंडर घेऊन प्रत्यक्ष चालून बघा.

आवाजाचं, एसएनसीयूत ४५ डेसिबलच्या आत राहावं असं मानतात, ब्रेकर त्याच्या कितीतरी पट. ब्रेकरऐवजी कोर कटिंग किंवा वायर सॉ (ठोकण्याऐवजी कापणारी मशीनं) मागा, महाग पडतं पण हादरे खूप कमी. नाहीच जमलं तर बाळांचा युनिट तेवढ्या दिवसांपुरता वेगळ्या मजल्यावर हलवणं हा खरा उपाय, वेळा ठरवून घेणं हा शेवटचा पर्याय.

आणि अधिकाराचं. कागदावर तो तुमच्याकडे आज नसेल, म्हणून मागा. मी नोकरीत होते तिथे पहिल्या वर्षी माझ्याकडेही नव्हता, मी रोज वर जाऊन विनंती करायचे आणि रोज वेगळा माणूस भेटायचा. नंतर मेडिकल सुपरिटेंडंटनी एक पानाची ऑर्डर काढली की त्या त्या शिफ्टची इन्चार्ज सिस्टर काम थांबवू शकते, कारण नंतर द्यायचं, थांबवल्याचे पैसे ठेकेदार मागणार नाही, आणि हे ठेकेदाराच्या करारात पण घातलं. मुकादमाचा नंबर नर्सिंग स्टेशनच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिला. पहिल्या महिन्यात आम्ही चार वेळा थांबवलं. पुढच्या महिन्यात मुकादम स्वतःच सकाळी आठला यायला लागला, चप्पल बाहेर काढून दारातून विचारायचा, "सिस्टर, आज खाली कोण आहे? मी वर तोडायला घेऊ का?"

तुमच्या अर्जाचा मसुदा हवा असेल तर मला परत लिहा, मी पाठवते. डिटेक्टरवरचं प्लॅस्टिक मात्र माझ्या उत्तराची वाट न बघता आजच काढायला लावा.